‘बघू’ या शब्दाचा पाठ

मराठीतले सर्वांत फसवे क्रियापद कोणते असे आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही ‘बघणे’ असे उत्तर देऊ. त्यातही त्याचे ‘बघू’ हे रूप. मुलाने सहलीचे पैसे मागितले की बाप ‘बघू’ म्हणतो. कचेरीत अर्ज दिला की साहेब ‘बघू’ म्हणतात. मुलगी दाखवून झाली की वरपक्ष ‘बघू’ म्हणून उठतो. तिन्ही ठिकाणी शब्द एकच, अर्थ तीन. व्याकरण येथे फारशी मदत करीत नाही. रूप प्रथमपुरुषी अनेकवचनी आहे एवढे ते सांगते; त्यामागचा कर्ता कोण हे सांगत नाही. आणि मराठीत तर या अनेकवचनाला दोन कर्ते संभवतात : एक ‘आम्ही’, ज्यात ऐकणारा नाही, आणि एक ‘आपण’, ज्यात ऐकणारा आहे. हा भेद आपल्या भाषेचे एक वैभव आहे असे आपण वर्गात सांगतो. परंतु सर्वनाम गाळले, आणि बोलताना ते आपण सर्रास गाळतो, की हे वैभव धुक्यात जाते. एवढे सारे आम्ही अनेक वर्षे शिकवीत आलो. त्याचे मोल मात्र कळले ते घाटनांदूरच्या एका भुसार दुकानात, संगणकासमोर बसून, बत्तीस क्विंटल सोयाबीनच्या निमित्ताने.

घाटनांदूर हे बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातले गाव. परळी वैजनाथहून लातूर रोडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर त्याचे स्थानक आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला अंबाजोगाई ठाऊक असते ती मुकुंदराज आणि दासोपंत यांच्यामुळे. घाटनांदूर ठाऊक असण्याचे त्याला कारण नाही. आमचे ते आजोळ. मामांचे तेथे धान्यखरेदीचे दुकान. पूर्वी ज्वारी, करडई, तूर. पुढे सोयाबीनने बाकीच्यांना मागे सारले. दुकानात एक मोठा काटा, भिंतीशी रचलेला बारदाना, गादी, गादीवर मामा, आणि मामांच्या उजव्या हाताला टेलिफोन. ही मांडणी आम्ही चड्डीत होतो तेव्हापासून पाहत आहोत. तीत बदल झाला तो फक्त उजव्या हाताच्या वस्तूत.

पहिला टेलिफोन काळा आणि जड होता. लातूरच्या बाजारपेठेतला भाव विचारायचा तर ट्रंक कॉल ‘बुक’ करावा लागे, आणि तो लागेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन, देवळात जाऊन परत येई. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली, तिने खेड्यांना पेलतील अशी धुळीला आणि उन्हाला न बधणारी लहान स्वयंचलित एक्स्चेंजे तयार केली, आणि हळूहळू गावोगावी एसटीडीचे पिवळे फलक लागले. मामांच्या फोनलाही थेट लातूर लागू लागले. त्या तांब्याच्या तारेचा एक गुण मामा अजूनही सांगतात : गावात वीज नसली तरी फोन चाले. कारण तारेतून जाणारी वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची असे, गावातली नव्हे. परळीचे औष्णिक वीज केंद्र एवढ्या जवळ असूनही भारनियमन ज्यांच्या पाचवीला पुजलेले, त्यांना या गुणाचे अप्रूप वाटावे हे स्वाभाविकच.

मग मोबाइल आले. आणि काही वर्षांपूर्वी मामांच्या नातवाने, जो पुण्यास संगणकशास्त्र शिकून गावी परतला होता, दुकानात नवी व्यवस्था बसवली. एकच क्रमांक. त्यावर फोन केला की एका बाईंचा आवाज येतो : आजच्या भावासाठी एक दाबा, गोदामासाठी दोन, हिशेबासाठी तीन. कोणी एक दाबले की मामांच्या गादीजवळचा फोन वाजतो. मामा नसतील तर नातवाचा मोबाइल वाजतो, मग तो लातुरात असो की पुण्यात. एक्स्चेंज म्हणावे असे दुकानात काहीच नाही. ते कुठल्या तरी दूरच्या शहरात, एका मोठ्या संगणकावर, केवळ आज्ञावलीच्या रूपात नांदते. तार आहे ती इंटरनेटची.

आम्ही नातवास विचारले की, बाबा रे, हे बोलणे जाते कसे? त्याने जे समजावले ते आम्हांस फार आवडले, म्हणून येथे देतो. बोलणाऱ्याचा आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजला जातो. त्या मोजमापांच्या, साधारणपणे एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढ्या, पुड्या बांधल्या जातात. प्रत्येक पुडीवर पत्ता आणि क्रमांक असतो. एकाच वाक्यातल्या पुड्या वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात, मागच्या पुढे आणि पुढच्या मागे होऊ शकतात. पलीकडचे यंत्र त्यांना काही क्षण थोपवून धरते, क्रमाने लावते आणि ऐकवते. जी पुडी फार उशिरा येईल ती ते टाकून देते; कारण पत्र उशिरा आले तर चालते, संभाषण मात्र मागे राहिलेल्या अक्षरासाठी थांबू शकत नाही. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकास जाण्यास सेकंदाच्या सातव्या हिश्श्याहून फार अधिक वेळ लागला, तर माणसे एकमेकांच्या बोलण्यावर आदळू लागतात.

याहून आम्हांस चकित केले ते शांततेच्या व्यवस्थेने. बोलताना माणूस बराच वेळ गप्पच असतो, दुसऱ्याचे ऐकत असतो. त्या गप्प राहण्याच्या पुड्या धाडणे म्हणजे नुसता भार. म्हणून अशा अनेक व्यवस्थांमध्ये, आणि मोबाइलमध्ये तर सर्रास, शांतता धाडलीच जात नाही. पार्श्वभूमीच्या आवाजाचा जुजबी अंदाज तेवढा अधूनमधून कळवला जातो. पण पलीकडे पूर्ण नीरवता पसरली तर ऐकणाऱ्यास वाटते, फोन तुटला. म्हणून त्याच्या कानाशी यंत्रच थोडी खरखर नव्याने निर्माण करते. पलीकडचा माणूस गप्प आहे आणि आपण त्याचे गप्प असणे ऐकत आहोत, असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात ते आपल्याच हातातल्या यंत्राने रचलेले असते.

हे तंत्र तसे जुने नव्हे, आणि अगदी नवेही नव्हे. १९९५ साली इस्रायलमधील व्होकलटेक या कंपनीने संगणकावरून बोलण्याची पहिली लोकप्रिय आज्ञावली बाजारात आणली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. परंतु इंटरनेटवरून बोलण्यास आपल्याकडे कायदेशीर मुभा मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून. तीही संगणकावरून संगणकाशी, किंवा संगणकावरून परदेशातल्या दूरध्वनीशी. देशातल्या देशात इंटरनेटवरून साध्या फोनवर बोलण्याची वाट मोकळी झाली ती २०१८ साली. मधल्या काळात, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओचे जाळे सुरू झाले. त्यात साधे बोलणेसुद्धा अशाच पुड्यांनी जाते. म्हणजे व्यापाराने हे तंत्र दुकानात आणण्याआधीच ते कित्येक शेतकऱ्यांच्या खिशात त्यांच्या नकळत येऊन बसले होते. आणि सरकारी किसान कॉल सेंटर, जे २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झाले, तेही पुढे याच पद्धतीच्या एक्स्चेंजवर आणले गेले. तेथे शेतकऱ्याचा प्रत्येक कॉल ध्वनिमुद्रित होतो.

ध्वनिमुद्रण! आमच्या गोष्टीचा गाभा येथे आहे. दुकानातल्या नव्या व्यवस्थेतही प्रत्येक कॉल जपून ठेवला जाई. बाईंचा आवाज सुरुवातीलाच तसे सांगे. परंतु, पुढे कळले त्याप्रमाणे, दुकानाला फोन करणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या आवाजाकडे रेल्वे स्थानकावरच्या घोषणेकडे द्यावे तेवढेच लक्ष देत. आपली गाडी येईपर्यंत बोलणारी एक बाई.

२०२३ च्या दिवाळीनंतर आम्ही आजोळी गेलो होतो. सकाळची वेळ. शेजारच्या वाडीवरचे एक बापू, मामांचे जुने शेतकरी, ट्रॅक्टर घेऊन आले. माप झाले. बत्तीस क्विंटल भरले. मुनिमाने पट्टी केली ४,८०० रुपये दराने. बापूंनी पट्टी हातात घेतली, डोळ्यांपासून दूर धरून पाहिली, आणि म्हणाले, “मालक, काल तर एकोणपन्नासशे ठरलं होतं.”

मामा म्हणाले, “ठरलं नव्हतं बापू. तुम्ही म्हणालात, मी ‘बघू’ म्हणालो.”

“तुमी ‘बघू’ म्हनलात म्हनून तर मी ट्रॅक्टर भरला.”

“‘बघू’ म्हणजे ‘हो’ होतंय का?”

“मग ‘न्हाई’ होतंय का?”

बत्तीस क्विंटलांना शंभर रुपये म्हणजे ३,२०० रुपये. मामांच्या दृष्टीने ती रक्कम बुडवण्याजोगी नव्हती, बापूंच्या दृष्टीने तर नव्हतीच. पण दोघांचाही आवाज चढला तो रकमेमुळे नव्हे. चाळीस वर्षे ज्या शब्दावर व्यवहार चालला तो शब्द एकाने खोटा पाडला, असे प्रत्येकास वाटत होते; आणि खोटा पाडणारा समोरचा होता.

नातू म्हणाला, “आबा, भांडता कशाला? ऐकू या की.” आणि त्याने संगणकावर आदल्या दिवशीचा कॉल लावला.

आम्ही सारे संगणकाभोवती जमलो. मामा, बापू, मुनीम, दोन हमाल आणि आम्ही. स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकताना दोघांच्याही चेहऱ्यावर संकोच आला. भाव विचारला गेला, अठ्ठेचाळीसशे सांगितला गेला. बापूंचा आवाज म्हणाला, पेपरात लातूरचा एकोणपन्नासशे दिलाय, तेवढा धरा की, माल बत्तीस क्विंटल हाय. मामांचा आवाज म्हणाला, “बघू.” मग शांतता. मग बापूंचा आवाज : “बरं. उद्या सकाळी भरून आणतो.” मामांचा आवाज : “या.”

नातवाने यंत्र थांबवले. न्याय होईल अशा अपेक्षेने त्याने दोघांकडे पाहिले. दोघेही एकाच वेळी म्हणाले, “ऐकलं ना?”

पुन्हा लावले. पुन्हा तेच. नातवाने मोजून सांगितले, शांतता चार सेकंदांची होती. बापूंच्या मते त्या चार सेकंदांत मालकांनी मनात हिशेब करून होकार दिला होता. नकार असता तर ते तेव्हाच बोलले नसते का? मामांच्या मते त्या चार सेकंदांत बापूंनी अठ्ठेचाळीसशे मान्य केला होता. मान्य नसता तर ‘बरं’ कशाला म्हणाले असते? आणि ज्या चार सेकंदांवर दोघे आपापला दावा उभा करीत होते, त्यांतली निदान बापूंच्या बाजूची खरखर तरी यंत्राची रचना होती, हे आम्हांस आठवत होते. बापू त्या वेळी उसासले असतील, शेजारी बसलेल्या मुलाकडे पाहिले असेल, मान हलवली असेल. त्यांतले काहीच आमच्यापर्यंत पोचले नव्हते. मामांचे ‘बघू’ ‘आम्ही’चे होते. बापूंनी ऐकलेले ‘बघू’ ‘आपण’चे होते. पाठ दोघांना मान्य होता, शुद्ध होता, एका अक्षराचाही भेद त्यात नव्हता. आणि अर्थ तेथेच होता जेथे तो पाठापूर्वी होता.

आम्हां साहित्याच्या माणसांना पाठाचे केवढे वेड! ‘लीळाचरित्रा’चीच गोष्ट पाहा. चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी ज्याने जे पाहिले, ऐकले, ते त्याच्याकडे जाऊन मिळवले, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले आणि मराठी गद्याचा तो अपूर्व ग्रंथ सिद्ध केला. पुढे मूळ पोथी धामधुमीत हरवली, आणि अनुयायांनी ती पुन्हा आठवणीतून उभी केली. तिच्यातल्या पाठभेदांचे मूळ येथे आहे, आणि त्यांवर आमच्या कितीतरी संशोधकांची आयुष्ये खर्ची पडली आहेत. स्वामींचे बोलणे जसेच्या तसे मुद्रित झाले असते तर! असे आम्ही तरुणपणी म्हणत असू. त्या सकाळी दुकानात आम्हांस वाटले की, मुद्रित झाले असते तरी आम्ही त्यातल्या शांततांवर भांडत बसलो असतो.

शेवटी काय झाले? मामांनी पट्टी मागवली आणि ४,८५० ने करायला सांगितली. बापूंनी मान्य केले. दोघांनी चहा घेतला. ट्रॅक्टर गेला.

परंतु त्या दिवसापासून मामांची मराठी बदलली. आमच्या पुढच्या दोन खेपांमध्ये आम्ही ते डोळ्यांनी, किंबहुना कानांनी, पाहिले. फोनवर ते आता ‘हो’ म्हणतात, ‘नाही’ म्हणतात, आकडा दोनदा उच्चारतात, ‘माल वाळलेला असला तर’ ही अट जोडतात. ‘बघू’ नाही, ‘होईल काहीतरी’ नाही, ‘या तर खरं’ नाही. पूर्वी भावाच्या आधी पाऊस निघे, पोरीचे लग्न निघे, म्हशीचे दुखणे निघे. आता भाव निघतो आणि फोन ठेवला जातो. आम्हांस फार हळहळ वाटली. बोलीतली सारी लवचीकता, समोरच्याला आणि स्वतःलाही जागा ठेवणारी ती अर्धवट रूपे, एका यंत्राच्या धाकाने विरून गेली असे आम्ही त्या रात्री नातवास म्हणालो. थोडे आवेशातच म्हणालो. ‘विश्वास’ हा शब्दही वापरला.

नातू ऐकून घेत होता. मग तो उठला, आतल्या खोलीतून जुन्या वह्यांचा गठ्ठा घेऊन आला आणि आमच्यासमोर ठेवला. लाल कापडी बांधणीच्या त्या वह्या आम्ही लहानपणापासून ओळखतो. मामांचे वळणदार अक्षर. त्याने एक वही उघडली. नाव, उचल, माल, भाव, बाकी. “यात बापूंच्या हातची एक तरी ओळ आहे का?” त्याने विचारले. “पाच पिढ्या आपण लिहिलं. भाव आपण लिहिला, बाकी आपण लिहिली. अंगठा तेवढा त्यांचा. ‘बघू’चा अर्थ लावायची वेळ आली की वही आपली होती. विश्वास होता, खरं आहे. पण तो त्यांनी आपल्यावर ठेवायचा होता.”

आम्ही निरुत्तर झालो. ‘बघू’मधली जी जागा आम्हांस रम्य वाटत होती, ती दोघांसाठी सारखी नव्हती. तिच्या एका टोकाला गादी होती आणि दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस. ज्याच्या हाती वही, त्याला संदिग्धता परवडते. अर्थ शेवटी त्याच्याच अक्षरात लिहिला जाणार असतो. आमची हळहळ ही वही ज्यांच्या घरात होती त्यांच्या भाच्याची हळहळ होती. त्या संगणकावर, या दुकानाच्या इतिहासात पहिल्यांदाच, बापूंचे बोलणे बापूंच्या आवाजात नोंदले गेले होते.

तरीही एक गोष्ट नातवाच्या ध्यानी आली नव्हती. ती बापूंच्या आली. काही महिन्यांनी ते तूर घेऊन आले. माप, पट्टी, पैसे, सारे बिनबोभाट झाले. उठताना त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, “मालक, ते बोलनं भरून ठेवता ते तुमच्याच डब्यात ऱ्हातंय का? आमाला लागलं तर मिळंल का?”

नातू गोंधळला. माहिती दुकानाची आहे, जागेचे भाडे दुकान भरते, आणि उद्या सगळेच मागू लागले तर, असे काही तो पुटपुटू लागला. आम्हांस पुन्हा महानुभावांच्या पोथ्या आठवल्या. त्या लिहिल्या गेल्या होत्या, जिवापाड जपल्याही गेल्या होत्या. पण सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या खटपटीने ते कुलूप उघडेपर्यंत उरलेल्या महाराष्ट्राला त्या असून नसल्यासारख्या होत्या. नोंद होणे निराळे, आणि ती ज्याची आहे त्याच्या हाती असणे निराळे. वहीच्या जागी संगणक आला, एवढ्याने गादी हलली असे होत नाही.

मामा बराच वेळ गप्प होते. त्या वेळी मध्ये यंत्र नव्हते, म्हणून ते गप्प असणे खरे होते आणि आम्हां सर्वांना नीट ऐकू येत होते. मग ते नातवास म्हणाले, “दे त्यांना. जो मागंल त्याला दे.” आणि बापूंकडे वळून : “बापू, तुमचं बोलणं तुमचंच आहे. माझं बी त्यात आहे, ते बी ठेवा.”

आता दुकानाच्या त्या बाईंच्या आवाजात एक वाक्य वाढले आहे : या संभाषणाची प्रत हवी असल्यास चार दाबा. नातू सांगतो की चार फारसे कोणी दाबत नाही. दाबता येते हे मात्र सर्वांना ठाऊक झाले आहे, आणि त्या बाईंचे बोलणे आता लोक शेवटपर्यंत ऐकून घेतात.

परवा आम्ही मामांना फोन केला. दुकानाच्याच क्रमांकावर, घरच्या फोनवर ते हल्ली क्वचित सापडतात. एक दाबले. मामा आले. त्यांचे वय आता अठ्ठ्याहत्तर. प्रकृतीचे विचारून झाल्यावर त्यांनी विचारले, दिवाळीला येणार का? परीक्षेचे काम, उत्तरपत्रिका, आरक्षण, असे सारे आमच्या डोळ्यांपुढे येऊन गेले आणि ओठांवर तो शब्द आला. आम्ही थांबलो. पलीकडे थोडी खरखर होती. मग आम्ही दिनदर्शिका पुढे ओढली, तारीख पाहिली आणि मामांना सांगितली, दोनदा उच्चारून.